तीन रंग आणि सहा फुटांचा कॅनव्हास : गोव्याच्या हवेत मोठे अमूर्त चित्र करताना

लाल, पिवळा आणि निळा, एवढ्याच रंगांत मोठे अमूर्त चित्र करायला घेतले की बहुतेक जण आधी रचनेला भिडतात. कुठला रंग कुठे, पट्टा उभा की आडवा, काठ सरळ की तुटका. माझ्या मते ही चौकशी नंतरची. ज्या चित्रात माणूस, झाड, घर असे ओळखीचे काहीच नसते, तिथे डोळ्याला धरायला फक्त रंगाचा पृष्ठभाग उरतो. तो रंग कोणत्या पिग्मेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, आहे, कशात कालवला आहे, किती थरांत आणि कशावर लावला आहे, यावरच चित्र जगते किंवा मरते. म्हणून आधी सामान ठरवा, रचना मागून येऊ द्या.

याचे एक मोठे उदाहरण आहे. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन यांनी साठच्या दशकात लाल, पिवळा आणि निळा या तिघांवरच एक मालिका केली. तिच्यातले तिसरे चित्र जवळजवळ साडेपाच मीटर रुंद आहे आणि त्याचा बहुतेक भाग नुसता लाल आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात १९८६ मध्ये एका माणसाने ते चाकूने फाडले. पुढे त्याची दुरुस्ती झाली, तेव्हा फाटलेला कॅनव्हास जोडला गेला, पण लालाची मूळची खोली गेली, तो सपाट झाला, अशी जोरदार टीका झाली आणि वाद बरीच वर्षे चालला. सपाट दिसणाऱ्या एका लालात केवढे काम असते, ते त्या वादातून कळते.

हा लेख सहा फूट बाय चार फुटांचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गोव्यात घरी किंवा लहान स्टुडिओत काम करणाऱ्याला हे माप झेपते. हवामानाचे सगळे सल्ले मात्र इथलेच आहेत. पुण्यात किंवा नागपुरात काम करणाऱ्यांनी तेवढा भाग आपल्या हवेप्रमाणे बदलून घ्यावा.

तीन रंग म्हणजे नेमके कोणते तीन

दुकानात जाऊन ‘लाल द्या, पिवळा द्या, निळा द्या’ म्हणण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. हे तीन रंग एकमेकांत मिसळून बाकीच्या छटा काढायच्या आहेत, की तिघांना न मिसळता शेजारी शेजारी उभे करायचे आहे? दोन्हींसाठी वेगळे रंग लागतात.

मिसळायचे असेल तर छपाईवाल्यांच्या वाटेने जा. थॅलो निळा, क्विनाक्रिडोन मॅजेन्टा आणि लिंबाकडे झुकणारा हान्सा पिवळा घ्या. या तिघांतून हिरवा, जांभळा, नारिंगी स्वच्छ निघतात, कारण तिघेही पारदर्शकाकडे झुकणारे आहेत. थॅलो निळा फार जहाल असतो. पिवळ्याच्या वाटीत त्याचा एक थेंब पडला की पिवळा गेलाच म्हणायचा, म्हणून नेहमी पिवळ्यात निळा थोडा थोडा घालत जायचे, उलट कधी करायचे नाही.

तिघांना शुद्ध उभे करायचे असेल तर मॅजेन्टा लाल म्हणून उभा राहत नाही, गुलाबी वाटतो. इथे कॅडमियम रेड किंवा पायरोल रेड घ्या, दोन्ही अपारदर्शक आणि भरीव आहेत. निळ्यासाठी अल्ट्रामरीन घ्या. तो थॅलोपेक्षा किंचित जांभळ्याकडे झुकतो आणि मोठ्या जागेत त्याला खोली येते. पिवळ्यासाठी कॅडमियम यलो मीडियम. खिसा परवानगी देत नसेल तर हान्साचेच जास्त थर देण्याची तयारी ठेवा.

ट्यूबवरचे नाव वाचून रंग घेऊ नका, पाठीमागचा पिग्मेंटचा कोड वाचा. ‘कॅडमियम रेड’ या नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द असेल तर आत कॅडमियम नाही, त्या छटेची नक्कल आहे. नक्कल वाईटच असते असे नाही, पण तिचे वागणे वेगळे असते. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो, पीआर १०८ कॅडमियम रेड, पीआर २५४ पायरोल, पीआर १२२ क्विनाक्रिडोन मॅजेन्टा, पीवाय ३५ कॅडमियम यलो. ट्यूबवर दोन-तीन कोड एकत्र दिसले तर ती आधीच केलेली भेसळ आहे. पुढे तुम्ही त्यात आणखी काही मिसळले की रंग मातकट व्हायला वेळ लागत नाही.

त्याच ठिकाणी प्रकाशात टिकण्याचा दर्जाही छापलेला असतो. पहिला किंवा दुसरा दर्जा नसेल तर तो रंग मोठ्या चित्रात घालू नका. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भित्तिचित्रे १९६४ मध्ये एका भोजनकक्षात लावली गेली. खिडक्यांतून भरपूर ऊन येत होते आणि त्यांच्या किरमिजी रंगात लिथॉल रेड नावाचे उन्हाला न टिकणारे पिग्मेंट होते. लाल उडत गेला, चित्रे फिकट निळसर झाली आणि १९७९ मध्ये ती काढून ठेवावी लागली. आपल्याकडे पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन काही कमी नाही. जुना अलिझारिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, हाही असाच उडणारा आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये.

टिकणारा लाल पाहायचा असेल तर गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रे जवळून पाहा. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, असे ते काम. त्या मातीतला लाल म्हणजे लोहाचे ऑक्साइड, जे उन्हात उडत नाही. एकच रंग आणि एकच पांढरा यांवर अख्खी भिंत कशी पेलते, हे अमूर्त चित्र करणाऱ्याने तिथे तासभर उभे राहून शिकण्यासारखे आहे.

हार्डवेअरच्या दुकानात भिंतीच्या इमल्शनमध्ये घालायचे स्टेनर मिळतात, ते स्वस्त पडतात. सरावाला आणि मोठ्या हालचालीची सवय करायला खुशाल वापरा. विकायच्या किंवा जपून ठेवायच्या चित्राला नको. त्यांच्या बाटलीवर ना पिग्मेंटचा कोड असतो, ना प्रकाशातला दर्जा.

अ‍ॅक्रिलिक की तैलरंग

गोव्यात पहिले मोठे चित्र करणाऱ्याला मी पाण्याने पातळ होणारे अ‍ॅक्रिलिकच सांगेन. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतात, त्याला दिवस लागतात. जाड थराला तर महिने. पावसाळ्यात तेवढा काळ चार फुटांचा ओला कॅनव्हास धुळीपासून, किड्यांपासून आणि बुरशीपासून सांभाळणे जिकिरीचे होते. शिवाय टर्पेंटाइनचा वास घरातल्या माणसांना सोसावा लागतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवायच्या किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. ही खबरदारी घेणे जमणार नसेल तर तैलरंग घरात आणू नका.

तैलरंगाची खोली मात्र वेगळीच आहे, हे कबूल करायला हवे. तुम्ही त्याच वाटेने जाणार असाल तर वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा तेलकट ठेवा, नाहीतर भेगा पडतात. आणि पांढऱ्यात झिंक व्हाइट नको, तेलात तो ठिसूळ होतो, टायटॅनियम घ्या.

अ‍ॅक्रिलिकची अडचण उलटी आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पंखा चालू असेल तर लावलेला पट्टा काही मिनिटांत धरतो आणि पुढचा हात त्याच्यावर पडला की जोड दिसतो. ओला असताना तो किंचित दुधाळ असतो, वाळल्यावर एक पायरी गडद होतो. लावताना बरोबर वाटलेला निळा सकाळी जड का वाटतो, त्याचे कारण हेच. आणि उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिकची वाळलेली पापडीही थोडी मऊच राहते, तिला धूळ चिकटते. दोन चित्रे तोंडाला तोंड लावून ठेवली तर ती एकमेकांना धरतात.

चौकट आणि कापड

सहा बाय चारची चौकट बाजारात तयार घेण्यापेक्षा मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतलेली बरी. लाकूड मुरलेले, सुकलेले हवे. साग चांगला पण जड, पाइन हलके आणि पुरेसे. पट्टी साधारण दोन इंच रुंद आणि सव्वा इंच जाड असावी. मेस्ताला दोन गोष्टी आधीच सांगा. एक, कॅनव्हासकडच्या बाजूने पट्टीला आत उतार द्यायचा. हा उतार नसेल तर कापड लाकडाला टेकते आणि रोलर फिरवताना पट्टीची कड चित्रात रेघ बनून उमटते. सपाट निळ्या पट्ट्यात अशी रेघ उमटली तर ती नंतर कशानेही जात नाही. दुसरी गोष्ट, मध्ये आडवी आणि उभी आधारपट्टी हवी, तीही कापडापासून अर्धा इंच मागे. चार फुटांच्या चौकटीला आधार नसेल तर पावसाळ्यात ती पिळते.

‘मेस्त, चारही कोपरे काटकोनात आहेत ना?’ असे विचारून भागत नाही. दोन्ही कर्ण फितीने मोजा. दोन्ही सारखे भरले तरच चौकट सरळ.

कापड सुती डक कॅनव्हास घ्या, जाड विणीचे, दहा ते बारा औंसांचे. मांजरपाट स्वस्त असतो, पण एवढ्या मापात तो ओल धरून सैल पडतो आणि लाटा येतात. घेताना पन्हा बघा. चार फुटांच्या बाजूला दोन्हीकडे दुमडायला तीन-तीन इंच धरले तर किमान साडेचार फुटी पन्हा लागतो. लिनन उत्तम, पण किंमत बघून ठरवा.

ताणताना आधी चार बाजूंच्या मधोमध एकेक पिन मारा, मग मधून कोपऱ्याकडे जात समोरासमोर मारत जा. समुद्राजवळच्या हवेत साध्या लोखंडी पिना गंजतात आणि गंजाचे तपकिरी डाग कापडातून पुढे येतात. स्टेनलेस स्टीलच्या पिना शोधून घ्या, पैसे जास्त पडले तरी चालतील.

प्राइमरचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन ते तीन पातळ हात पुरेत. पहिला उभा, दुसरा आडवा, मध्ये बारीक सॅंडपेपर, तोही ओला करून. चित्राच्या मागच्या बाजूलाही प्राइमरचा एक पातळ हात दिला तर ओल शोषणे कमी होते. किनाऱ्यावरच्या घरांत मी हे नेहमी करायला सांगते.

नऊ घरांची पट्टी

रंग आणून झाले, कॅनव्हास तयार आहे, आणि तरीही अजून मोठ्या चित्राला हात लावायचा नाही. आधी उरलेल्या प्राइम केलेल्या कापडाची एक फूट बाय एक फूट पट्टी घ्या आणि तिच्यावर चार-चार इंचांची नऊ घरे आखा. पहिल्या ओळीच्या तिन्ही घरांत पिवळा, दुसऱ्या ओळीत लाल, तिसऱ्या ओळीत निळा लावा. पूर्ण वाळू द्या. मग त्यावर उभ्या दिशेने पातळ थर द्या. पहिल्या स्तंभात पिवळा, दुसऱ्यात लाल, तिसऱ्यात निळा. थर म्हणजे पाणी घातलेला रंग नव्हे. रंगात अ‍ॅक्रिलिक मीडियम (त्यातलाच, पण रंगाविना पारदर्शक द्रव) घालून पातळ करायचा. नुसते पाणी जास्त झाले की रंगाचे कण धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो आणि वाळल्यावर बोट फिरवले तरी भुकटी हाताला येते.

ही पट्टी तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याही रंगचक्रात मिळणार नाही. पिवळ्यावरचा लाल आतून तापल्यासारखा दिसतो. निळ्यावरचा तोच लाल बसका, रक्ताळलेला. लालावरचा निळा जवळजवळ काळा होतो, पण कडेने पाहिला तर आत जांभळट ऊब असते. निळ्यावरचा पिवळा मात्र पिवळा राहतच नाही, हिरवा होतो किंवा पारदर्शकता कमी असेल तर मळकट. म्हणजे पिवळ्याला जागा हवी असेल तर ती जागा पहिल्यापासून पांढरी राखून ठेवावी लागते. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर ठरतो.

दुसऱ्या स्तंभाच्या तिन्ही घरांतले लाल शेजारी ठेवून पाहा. एकाच ट्यूबमधून आलेले तीन वेगळे लाल. चित्रात तीनच रंग आहेत असे आपण म्हणतो, पण थरांचा क्रम बदलून त्या तिघांतून तुम्हाला निदान नऊ पृष्ठभाग मिळतात. कोणता लाल तुमच्या चित्राचा, ते इथेच ठरवा.

दुसरी चाचणी झाकण्याची. प्राइमरवर मार्करने जाड काळी रेघ ओढा, वाळली की तिच्यावरून प्रत्येक रंगाचा एक हात फिरवा. रेघ किती दिसते? कॅडमियम एक-दोन हातांत ती गिळतो. हान्सा पिवळ्याला चार-पाच हात दिले तरी रेघ पुसट दिसत राहते. किती थर लागणार आणि रंग किती आणायचा, याचा अंदाज या रेघेवरून बांधा.

किती जागा कोणाला, आणि किती रंग

पिवळा सर्वांत उजळ, निळा सर्वांत गडद, लाल मध्ये. तिघांना सारखी जागा दिली तर पिवळाच ओरडतो. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेन यांनी, जर्मन कवी गटे यांच्या विचाराच्या आधारे, तिघांचा तोल साधणारे प्रमाण दिले आहे. पिवळा ३, लाल ६, निळा ८. आपल्या चोवीस चौरस फुटांत ते बसवले तर पिवळ्याला सव्वाचार, लालाला साडेआठ आणि निळ्याला सव्वाअकरा चौरस फूट येतात. मी हे प्रमाण सुरुवातीचा खुंटा म्हणून वापरायला सांगते. ते पाळून केलेले चित्र शांत होते. तुम्हाला शांतता नको असेल तर प्रमाण मोडा, पण कुठे मोडले ते माहीत असू द्या. उदाहरणार्थ, पिवळ्याला अर्धे चित्र देऊन निळ्याची एकच अरुंद पट्टी ठेवली तर ती पट्टी विलक्षण खोल दिसते.

आता हिशेब. एक चौरस मीटरवर ओला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा द्यायला १०० मिलिलिटर रंग लागतो. साडेआठ चौरस फूट म्हणजे सुमारे ०.७९ चौरस मीटर, म्हणजे लालाच्या एका हाताला ७९ मिलिलिटर. तीन हातांना २३७, आणि रोलर, ट्रे, ब्रश जे पितात त्यासाठी पाचवा हिस्सा जास्त धरला तर सुमारे २८५. निळ्याची जागा जास्त, तीन हातांना तोट्यासकट ३८० च्या आसपास. पिवळ्याची जागा लहान, पण पाच हात धरा, म्हणजे २३५. थोडक्यात निळ्याचा अर्ध्या लिटरचा डबा आणि बाकी दोघांचे प्रत्येकी २५० ते ३०० मिलिलिटर. हे पातळ, सपाट थरांचे गणित आहे. पॅलेट नाइफने एक मिलिमीटर जाड रंग चढवायचा असेल तर दहापट लागेल. लहान ट्यूबा घेऊन मोठ्या चित्राला बसू नका. मध्येच रंग संपला आणि दुसऱ्या बॅचची ट्यूब आली तर छटेत फरक पडलेला दिसतो.

रचनेचा कच्चा आराखडा बारा इंच बाय आठ इंचांवर करा, म्हणजे बरोबर सहावा भाग. त्यातली दोन मिलिमीटरची रेघ चित्रात बारा मिलिमीटरची होते. आराखड्यात नाजूक वाटलेली गोष्ट कॅनव्हासवर ठोकळा होते, ती अशीच.

रंगवण्याचा दिवस

ऑक्टोबर ते मार्च हा उत्तम काळ. सकाळी सातला सुरू करा, उजेड उत्तरेच्या बाजूने येऊ द्या. कॅनव्हास शक्यतो भिंतीला उभा, पण पातळ पसरणारा रंग असेल तर चार उलट्या बादल्यांवर किंवा स्टुलांवर आडवा ठेवा, म्हणजे ओघळ येणार नाहीत. पंखा बंद. जमिनीवर जुने चादरीचे कापड अंथरा, प्लास्टिकवर सांडलेला रंग पायाला लागून घरभर जातो.

रंग आधी संपूर्ण कालवून ठेवा, एकाच मोठ्या भांड्यात. गुठळ्या आणि सुकलेले कण नायलॉनच्या बारीक जाळीतून गाळून घ्या. हा एक कंटाळवाणा टप्पा बहुतेक जण टाळतात आणि मग सपाट निळ्यातून एक कण वर डोके काढतो. वाळणे लांबवणारा रिटार्डर घातलात तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त नको, नाहीतर थर चिकट राहतो.

क्रम असा. पिवळा आधी, पांढऱ्या जमिनीवर, आपल्या हद्दीबाहेर अर्धा इंच जाईल असा. वाळला की टेपने त्याची कड बांधा. टेपच्या काठावर बोटाने किंवा लहान ब्रशने स्वच्छ मीडियमचा एक हात द्या. मीडियम टेपखालच्या फटी बुजवते, म्हणजे वरचा लाल आत झिरपत नाही. मग लाल, नंतर निळा. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, उलट दिशेने, सपाट धरून ओढा. आठवडाभर ठेवलेली टेप इथल्या उकाड्यात आपला चिकटा कॅनव्हासवर सोडून जाते.

मोठा सपाट पट्टा लावताना काम एका कडेने दुसऱ्या कडेकडे न थांबता न्या. आखूड केसांचा सहा किंवा नऊ इंची रोलर घ्या. एकदा रंग भरून इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात पसरवा, मग न दाबता एकाच दिशेने हलके फिरवा. पुढचा पट्टा मागच्याच्या ओल्या कडेत दोन इंच शिरला पाहिजे. ही ओली कड जिवंत ठेवणे हेच सगळे कसब. फोन आला, कोणी दाराशी आले, तरी पट्टा पूर्ण होईपर्यंत थांबू नका. वाळायला लागलेल्या भागात परत रोलर नेला तर पापडी उचलली जाते. राहिलेले पुढच्या हाताला सुधारता येते.

पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. दोन हातांमध्ये कोरड्या दिवसांत दोन-तीन तास, पावसात पूर्ण दिवस. थर वाळला की नाही ते हाताच्या पाठीने बघा, थंड लागला तर अजून पाणी आहे.

सगळेच सपाट हवे असे मुळीच नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, ज्यांचे मूळ गोव्याचे आणि जन्म १९२४ चा नागपूरचा, रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत आणि काढतही. त्यांच्या कॅनव्हासवर एकाच छटेत किती खोल पाणी असते, ते छापील पुस्तकात कळत नाही, प्रत्यक्षच पाहावे लागते. काढण्याचा प्रयोग तुम्हीही करा. लालाचा थर अर्धवट ओला असताना वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून हलके दाबा आणि उचला. खालचा पिवळा जागोजागी श्वास घेताना दिसतो. ब्रशने असा पोत काढता येत नाही. हा प्रयोग आधी नऊ घरांच्या पट्टीच्या पाठीवर करून घ्या, कारण नेमका किती मिनिटांनी कागद ठेवायचा हे त्या दिवसाची हवा ठरवते.

थांबून पाहणे

चित्र दुरून पाहायचे असते असा आपला समज. न्यूमन यांनी १९५१ च्या प्रदर्शनात प्रेक्षकांना उलट सूचना केली होती, मोठी चित्रे जवळून पाहा. दोन्ही अंतरांवरून पाहा. दहा पावलांवरून प्रमाण कळते, एका हातावरून पृष्ठभाग.

संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी पुन्हा पाहा. उजेड कमी झाला की डोळा निळ्याला जास्त आणि लालाला कमी दाद देतो. दिवसा पुढे येणारा लाल तेव्हा विझतो आणि निळा उजळ वाटतो. ज्या खोलीत चित्र लागणार आहे तिथे संध्याकाळचाच वावर जास्त असेल तर लाल थोडा वाढवावा लागेल. आणि एका मोठ्या लालाकडे मिनिटभर टक लावून मग शेजारच्या पांढऱ्याकडे पाहाल तर तो हिरवट दिसेल. त्या अवस्थेत छटेबद्दल निर्णय घेऊ नका. बाहेर अंगणात जाऊन या.

धुणे, वाळवणे, पावसाळा

ब्रश आणि रोलर आधी कापडाने पुसा, मग बादलीत धुवा. ते पाणी विहिरीजवळ किंवा परसात ओतू नका. बादली दोन दिवस झाकून ठेवा, गाळ खाली बसला की वरचे पाणी कापडातून गाळून काढा आणि गाळ वाळवून कोरड्या कचऱ्यात द्या. कॅडमियम वापरत असाल तर हे टाळता येण्यासारखे नाहीच. त्या रंगाला कोरडा सॅंडपेपर लावू नका, फवारू नका. सुकी पिग्मेंट पावडर हाताळताना चांगला मास्क लावा.

वॉर्निश घाईने नको. अ‍ॅक्रिलिकला दोन आठवडे तरी द्या. तैलरंगाला पातळ थर असला तरी सहा महिने. जून ते सप्टेंबर वॉर्निश लावूच नका, दमट हवेत ते दुधाळ होते आणि अल्ट्रामरीनवर ती धूसर साय लगेच उठून दिसते. दिवाळीच्या सुमारास एक कोरडी दुपार निवडा.

पावसाळ्यात चित्र जांभ्या दगडाच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिला ओल येते. आतल्या भिंतीवर लावा आणि मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवून बोटभर हवा खेळू द्या. मागच्या बाजूला करडे ठिपके दिसू लागले तर ती बुरशी. कोरड्या दिवशी बाहेर सावलीत नेऊन मऊ ब्रशने झाडा, मास्क लावून. ओल्या फडक्याने पुसाल तर ती कापडात शिरते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कपाटामागे ठेवलेले चित्र पाऊस संपल्यावर उघडाल तेव्हा पस्तावाल.

नेणे आणि टांगणे

चौकट करायला देण्यापूर्वीच घराचा दरवाजा आणि जिन्याचे वळण मोजा. जुन्या घरांचे दुपाखी दार पुरते, नव्या फ्लॅटची लिफ्ट बहुतेकदा पुरत नाही. टेम्पोत चित्र उभे ठेवा, प्रवासाच्या दिशेला समांतर. अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागाला बबल रॅप सरळ लावला तर उन्हात बुडबुड्यांचे गोल उमटतात. चौकटीपेक्षा थोडी मोठी लाकडी खोकी-चौकट करून चित्र तिच्यात मागून अडकवा, म्हणजे पुढे काहीच टेकत नाही. दिवाडी किंवा चोडण बेटाच्या फेरीबोटीतून न्यायचे असेल तर टेम्पो बंद हौद्याचाच घ्या. नदीवरचा वारा सहा फुटांच्या कॅनव्हासला शिडासारखा पकडतो.

टांगायला एका खिळ्यावर भरवसा नको, दोन हूक आणि लेव्हल. पश्चिमेची खिडकी समोर नको.

शेवटी मागच्या पट्टीवर, कापडावर नव्हे, पेन्सिलने लिहून ठेवा: तिन्ही पिग्मेंटचे कोड, मीडियम कोणते, कुठल्या रंगाखाली कुठला, किती हात, वॉर्निश कोणते आणि महिना-वर्ष. कापडावर मार्करने लिहिलेली शाई काही वर्षांत पुढे झिरपू शकते. नऊ घरांची पट्टीही एका पाकिटात घालून आधारपट्टीला मागून अडकवा. पंधरा वर्षांनी कोणाला ओरखडा दुरुस्त करायचा झाला तर त्याच्या हातात नेमका तो लाल असेल.